नवरीच्या दाराचे तीन मानकरी

मोटारीच्या दाराला आतून जे पॅनेल असतं, ज्यावर आपण निवांत कोपर टेकवून बसतो, ते दाराला नेमकं कशानं धरून राहिलेलं असतं हे तुम्हाला माहीत नसेल, तर तुम्ही सुखी माणूस आहात. मीही सदुसष्ट वर्षं असाच सुखी होतो. अडतीस वर्षं मी ला पाझ शहरातल्या पोरांना भूगोल शिकवला. कुठली नदी कुठं उगम पावते आणि कुठं लुप्त होते हे झोपेतही सांगू शकतो. पण दाराचं पॅनेल या विषयावर मला कुणी कधी प्रश्न विचारला नव्हता. आज विचाराल तर मी दोन तास बोलेन. आमची बायको सुल्मा म्हणते तीन, आणि म्हणूनच हल्ली आमच्याकडे कुणी जेवायला थांबत नाही.

या सगळ्याची सुरुवात झाली ती एर्गेता साहेबांच्या उजव्या बुटापासून.

एर्गेता साहेब म्हणजे आमच्या होणाऱ्या जावयाचे काका. कस्टमचे एजंट. राहायला खाली, शहराच्या दक्षिण टोकाला, जिथं हवा जरा दाट असते आणि कुत्र्यांनाही आंघोळ घालतात. लग्नाची बोलणी करायला दोन्ही घरची मंडळी आमच्याकडे जमली होती. सूप अर्ध्यावर आलं होतं. साहेबांनी नॅपकिननं ओठ टिपले आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की नवरीला चर्चला आणायला ते आपली जीप पाठवतील. पांढरी आहे, नवी आहे, दारं बटणावर उघडतात, मास्तरांनी काही काळजी करू नये.

आता यात वाईट काय होतं? काहीच नाही. पण 'मास्तरांनी काळजी करू नये' हे वाक्य मला कुठं जाऊन लागायचं तिथं लागलं. मी चमचा खाली ठेवला. सूपही बाजूला सारलं. म्हणालो, मुलगी बापाच्या घरून निघते ती बापाच्या गाडीतून निघते, नोएमी माझ्या गाडीतून चर्चला येईल. आणि एवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्ट झालीच नसती. पण भूगोलाच्या माणसाला प्रात्यक्षिकाची खोड असते. मी साहेबांना म्हणालो, चला खाली, बसून तर बघा.

साहेब सभ्य गृहस्थ. खाली आले, मागच्या सीटवर बसले, सीटचं कौतुक केलं, आणि दार ओढून घेतलं. दार लागलं. दाराचं पॅनेल मात्र दाराबरोबर न जाता आपल्या मर्जीनं, सावकाश, मान टाकावी तसं पुढं झुकलं आणि साहेबांच्या नव्या बुटावर येऊन पडलं. साहेब त्या पॅनेलला म्हणाले, "माफ करा."

माझी माफी मागितली असती तर मी विसरलो असतो. त्यांनी पॅनेलची मागितली.

लग्नाला पाच आठवडे होते.

थोडं गाडीविषयी सांगायला हवं. ती जपानची. तिथं स्टिअरिंग उजवीकडे असतं, आमच्याकडे डावीकडे. त्यामुळे चिलीच्या बंदरात उतरलेल्या असल्या जुन्या गाड्या आमच्या मेकॅनिकच्या हाती लागतात आणि तो हातमोजा उलटा करावा तशी गाडी उलटी करून देतो. माझी गाडी आमच्या गॅरेजवाल्या किस्बेर्तनं उलटी केली. डॅशबोर्ड मधोमध कापून त्याची डावी बाजू उजवीकडे नेली. वेगमापक मात्र उजवीकडेच राहिला, त्यामुळे मी किती वेगानं चाललोय हे गेली चौदा वर्षं फक्त सुल्माला माहीत असतं, आणि ती ते सांगतेही. मागच्या उजव्या दाराचं पॅनेल बंदरातच कुणीतरी पळवलं होतं, तिथं किस्बेर्तनं कुठल्यातरी तिसऱ्याच गाडीचं बसवलं. मागचं डावं दार दोन वर्षांपूर्वी एका मिनीबसनं असं दाबलं की तेव्हापासून ते भिंतीचं काम करतं. म्हणजे नवरी बसणार आणि उतरणार ती उजव्याच दारानं.

त्या दाराच्या पत्र्याला भोकं अकरा. पॅनेलच्या पुठ्ठ्याला भोकं नऊ. एकमेकांसमोर येणारी दोन. आणि त्या दोन भोकांतल्या दोन प्लास्टिकच्या क्लिपांवर चौदा वर्षं सगळा संसार चालला होता. त्यातली एक एर्गेता साहेबांच्या हातून शहीद झाली.

मी ती तुटकी क्लिप खिशात घातली, शाळेची जुनी पट्टी काढली, भोक मोजलं, नऊ मिलिमीटर, असं वहीत लिहिलं आणि गुरुवारी केबल कारनं वर एल आल्तोच्या बाजारात गेलो. त्या बाजारात मोटारीचा कुठलाही अवयव मिळतो. काही लोक तर सकाळी हरवलेला स्वतःचा आरसा दुपारी तिथून विकत घेऊन येतात आणि भाव बरा पडला म्हणून खूशही असतात. क्लिपांची ती एक स्वतंत्र गल्लीच आहे, आणि त्या गल्लीत बासिलियाबाई बसते. चार घेरदार स्कर्ट एकावर एक, डोक्यावर तिरकी टोपी, आणि पुढ्यात दुधाच्या रिकाम्या डब्यांतून मांडलेल्या क्लिपा. चारशे डबे असावेत. झाडासारख्या, छत्रीसारख्या, माशाच्या सांगाड्यासारख्या, अळंबीसारख्या. देवानं पहिल्या आठवड्यात इतके प्रकार केले नसतील.

"बोला, तरुण," बाई म्हणाली. आमच्या बाजारात शवपेटीत पाय टाकलेल्या माणसालाही तरुणच म्हणतात, तरी दर वेळी बरं वाटतं. मी वही उघडून नऊ मिलिमीटर असं जाहीर केलं. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "भोक पुठ्ठ्याचं मोजलंत की पत्र्याचं?"

मी शांतपणे सांगितलं की मी अडतीस वर्षं नकाशाचं प्रमाण शिकवलेलं आहे.

"मग पुठ्ठ्याचंच मोजलंय," ती म्हणाली, आणि तरीही मला दोन डझन मोजून दिल्या, कारण गिऱ्हाइकाला वाद घालून परत पाठवायचं नसतं. वर मी नेमाप्रमाणे मूठभर फुकटच्या मागितल्या, कारण आमच्याकडे वरकड न मागणं म्हणजे विकणाऱ्याचा अपमान. तिनं हाताला लागतील त्या डब्यांतून मूठभर दिल्या. घरी आल्यावर कळलं की क्लिप पुठ्ठ्याला नव्हे, पत्र्याला पकडते. पत्र्याचं भोक आठाचं निघालं. विकतच्या चोवीसमधली एकही बसली नाही. फुकटच्यांतल्या दोन बसल्या.

रविवारी पुन्हा वर गेलो. आता आठाच्या आणल्या. पुठ्ठ्याला नवी भोकं पाडली, अकराच्या अकरा क्लिपा टक् टक् करत बसवल्या, आणि सुल्माला बोलावून दार उघडून मिटून दाखवलं. ती म्हणाली, छान झालं, आता जेवा. त्या एका संध्याकाळी मी जितका आनंदी होतो तितका निवृत्तीच्या समारंभातही नव्हतो. पहाटे अंगणातल्या बादलीत पाण्यावर बर्फाची साय धरली होती, आणि गाडीतून आवाज आला. टक्. थोड्या वेळानं, टक्. मी अंथरुणात पडल्या पडल्या मोजत होतो. अकरा झाल्यावर धप्प असा आवाज आला आणि मी उठायचीही तसदी घेतली नाही. स्वस्तातलं प्लास्टिक आमच्या थंडीत बिस्किटासारखं तुटतं, हे मला आठाच्या भोकाबरोबर कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच सकाळी कुंपणावरून लोआयसा डोकावला. हा आमचा शेजारी, शवपेट्या बनवतो. हाडाचा कारागीर, पण बोलायला लागला की ऐकणाऱ्याला आपलं माप घेतलं जातंय असं वाटतं. त्यानं पडलेलं पॅनेल पाहिलं, पुठ्ठ्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "मास्तर, प्लास्टिकवर माणसानं भरवसा ठेवू नये. माझे पितळी स्क्रू घ्या. दोन इंची. एकदा आत गेले की बाहेर येत नाहीत, डोकंच तसं घडवलेलं असतं. तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही."

मी नको म्हणालो. मुलीच्या लग्नाच्या गाडीला शवपेटीचे स्क्रू हे मला ठीक वाटेना. तो चेहरा पाडून आत गेला. आणि इथंच घरात दुसरा घोटाळा शिजत होता.

आमच्याकडे लग्न म्हटलं की प्रत्येक गोष्टीला मानकरी लागतो. अंगठ्यांचा मानकरी वेगळा, केकचा वेगळा, बँडचा, फुलांचा, बिअरचा, फोटोंचा. तो त्या वस्तूचा भार उचलतो आणि बदल्यात जन्मभराचा आपला कोंपाद्रे, म्हणजे मानलेला भाऊच, होतो. सख्खा भाऊ एकवेळ दुरावला तर चालतो, कोंपाद्रे दुखावलेला चालत नाही. सुल्मानं सगळे मान वाटून टाकले होते आणि लोआयसा तेवढा उरला होता. त्याला केक मागायचा तर त्याच्या हातचं काही खायला लोक बिचकतात. तर त्याचा पडलेला चेहरा पाहून सुल्माला वाईट वाटलं, आणि गुरुवारी, मी घरी नसताना, तिनं त्याला सन्मानानं बोलावून नवरीच्या दाराचा मानकरी करून टाकलं.

मी घरी का नव्हतो? कारण मी तिसऱ्यांदा बासिलियाबाईसमोर उभा होतो. बाईनं या खेपेला नायलॉनच्या क्लिपा काढल्या, दातानं चावून दाखवल्या, थंडीत बसवू नका, आधी कोमट पाण्यात ठेवा असं समजावलं, आणि शेजारच्या ठेल्यावरून माझ्यासाठी आणि स्वतःसाठी आपी, म्हणजे जांभळ्या मक्याचं गरमागरम पेय, मागवलं. तीन खेपांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी माणसासारखं वागत होतं. आणि मी, बोलण्याच्या भरात, कौतुक म्हणून, म्हणजे निव्वळ एक शब्दालंकार म्हणून म्हणालो, "बाई, माझ्या दाराच्या मानकरी खरं तर तुम्हीच व्हायला हव्यात."

बाईनं ग्लास खाली ठेवला. हात स्कर्टला पुसले. टोपी सरळ केली. मग उठून मला कवेत घेतलं आणि पलीकडच्या तीन ठेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की मास्तर आजपासून आपले कोंपाद्रे. सायलेन्सर विकणाऱ्या तिच्या नवऱ्यानं येऊन माझा हात हलवला. कुणीतरी माझ्या डोक्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळले. आमच्याकडे एवढा एक शब्द थट्टेत वापरायचा नसतो हे दुधपित्या पोराला कळतं, आणि मी तर पेन्शनर.

घरी आलो तर गाडीपाशी लोआयसा कोट घालून उभा. हातात स्क्रूंचा डबा, डब्याला पांढरी फीत.

दोघांना समोरासमोर बसवून, एका दाराला दोन मानकरी असू शकतात, हा विचार मी कसा पटवला ते माझं मला माहीत. तेवढ्यात ही बातमी किस्बेर्तच्या गॅरेजपर्यंत पोचली. तो हातात रिवेटचं पिस्तूल घेऊनच आला. शब्दानंही रागावला नाही, आणि तेच जास्त त्रासाचं होतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की ही गाडी त्यानं स्वतःच्या हातांनी उलटी केली, तिचं आतडं न् आतडं त्याला ठाऊक, आणि तिच्या दाराचा मान एक बाजारातली बाई आणि एक मेलेल्यांचा सुतार यांना मिळतो, यात त्याची काय चूक झाली तेवढं मास्तरांनी सांगावं. अशा रीतीनं एका दाराला तीन मानकरी झाले.

शनिवारी समारंभपूर्वक पॅनेल बसलं. चार कोपऱ्यांना लोआयसाचे चार स्क्रू. खालच्या कडेला किस्बेर्तच्या सात रिवेट. मधल्या भागात बासिलियाबाईच्या अकरा क्लिपा, ज्या सुल्मानं कोमट पाण्यात ठेवायला म्हणून चुलीवरच्या पातेल्यात टाकल्या होत्या आणि ज्यांतली एक जावयाच्या सुपात निघाली. त्यानं ती सभ्यपणे चावून पाहिली होती. प्रत्येकानं दुसऱ्याच्या कामाकडे बघून मान हलवली. मग बाईनं बिअरची पेटी फोडली, पहिली धार भूमातेला, दुसरी दाराला, तिसरी आम्हा सगळ्यांच्या अंगावर. दारावर पाकळ्या उधळल्या. दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दगडी किल्ल्याच्या दरवाजासारखा आवाज येत होता. मला वाटलं, संपलं एकदाचं.

पण गाडीचं वार्षिक तपासणीचं स्टिकर त्याच आठवड्यात संपत होतं, आणि चर्चच्या रस्त्यावर पोलिसांची चौकी आहे.

तपासणीला पांढरे हातमोजे घातलेली एक तरुण पोलीस बाई होती. इतकी नम्र की मला घाम फुटला. तिनं ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, सगळ्यावर खूण केली. मग मागचं दार उघडून बराच वेळ बघत राहिली. "बाबा," ती म्हणाली, "अर्जात दोनच रकाने आहेत. आतलं आवरण मूळचं, किंवा आतलं आवरण बदललेलं. हे काय लिहू?"

मी खरं ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मानकऱ्यांची नावंही विचारली, कदाचित कुतूहलानंच, आणि म्हणाली की बदल केल्याचं शपथपत्र लागेल. तीन प्रतींत, पिवळ्या फाइलमध्ये, आणि फाइलला कागद धरणारी पट्टी पत्र्याची हवी. मी पोस्टाशेजारच्या टपरीवरून फाइल आणली. पट्टी प्लास्टिकची निघाली. परत पाठवलं. पत्र्याची पट्टी मिळवली, तर तिच्या दोन पायांतलं अंतर आणि फाइलच्या दोन भोकांतलं अंतर यांत चार मिलिमीटरचा फरक. तुम्हाला वाटेल मी वाढवून सांगतोय. मी रस्त्यावर उभा राहून पिवळ्या पुठ्ठ्याला नवी भोकं पाडत होतो तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. जगात कुठलीही वस्तू दुसऱ्या कुठल्याही वस्तूला नीट जोडता येत असेल या गोष्टीवरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला. तिसऱ्या दिवशी स्टिकर मिळालं. पोलीस बाईनं ते काचेवर लावलं, आणि ते जागेवर चिकटलं, तेव्हा मी तिचे दोनदा आभार मानले.

लग्नाचा दिवस. अकराचं चर्च. आमच्या चर्चमध्ये शनिवारी लग्नं अशी लागतात की एक नवरी बाहेर पडताना दुसरी पायरीवर असते. अकरा चुकले तर पुढची मोकळी वेळ तीन आठवड्यांनी, हे पाद्रीबाबांनी दोनदा बजावलं होतं. नोएमीचा पोशाख आमच्या चौकातल्या कारंज्याएवढ्या घेराचा. तिला मागच्या सीटवर बसवायला चार बायका लागल्या, आणि ती बसल्यावर गाडीत हवेलाही जागा उरली नाही. सुल्मा पुढं माझ्याशेजारी. तिन्ही मानकरी आपापल्या पोशाखात मागून टॅक्सीनं येणार होते, पण निघण्याआधी तिघांनी आपापली जागा तपासली. मग सुल्मानं, घाईत, नोएमीचा घेर आत दाबून, दार एकदाच जे काही आपटलं, ते पलीकडच्या टेकडीवर ऐकू गेलं असावं.

दगडी उतारावरून आम्ही दणादण खाली आलो. काही पडलं नाही. काही खुळखुळलं नाही. चर्चसमोर अकराला बारा मिनिटं असताना गाडी उभी केली. एर्गेता साहेब पायरीवर उभे होते. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघून मान लववली, उतरलो, गाडीला वळसा घातला आणि नवरीसाठी दार उघडलं.

म्हणजे उघडायला गेलो.

बाहेरची मूठ हलत होती, दार हलत नव्हतं. आतली मूठ नोएमीनं ओढली, तीही नुसती हलली. काच खाली करायला गेली, तर हँडल फिरेना. किस्बेर्त टॅक्सीतून उतरून धावत आला, दाराला कान लावला, आणि डॉक्टर सांगतात तसं सांगितलं: लोआयसाच्या स्क्रूचं टोक आत कुलपाच्या सळईच्या पलीकडे अडकलंय. दोन इंची स्क्रू कुणी दाराला लावतं का. लोआयसा म्हणाला की स्क्रू जिथल्या तिथं आहे, सळईच जागची हलली असेल, आणि ती ज्यानं गाडी उलटी केली त्याला विचारा. बासिलियाबाई दोघांना म्हणाली की नुसत्या क्लिपा असत्या तर आता बोटानं उपटून काढल्या असत्या, पण ऐकतंय कोण. स्क्रू काढा म्हटलं तर ते निघणारे नव्हते. रिवेट कोरून काढायला ड्रिल लागतं, ते गॅरेजमध्ये. पुढच्या सीटवरून नोएमीला ओढावं तर पोशाख सीटांच्या मधून येईना. पायऱ्यांवर अकराची मंडळी होती आणि त्यांच्यामागं साडेअकराचीही जमू लागली होती, एक नवरी आपल्या काकांच्या खांद्यावरून आमच्याकडे बघत होती. पाद्रीबाबांनी घड्याळ वर करून दाखवलं. एर्गेता साहेबांनी खाली आपल्या उजव्या बुटाकडे पाहिलं.

मी पुढच्या दारानं आत शिरलो आणि सीटांच्या फटीतून, सूट, निवृत्तीचं मेडल आणि सदुसष्ट वर्षं यांसकट, मागं सरपटलो. नोएमीच्या पोशाखात मी कमरेपर्यंत बुडालो. ती रडत नव्हती. रडली असती तर रंग ओघळला असता.

"पप्पा," ती हळू म्हणाली, "मला खरं तर जीपमधूनच यायचं होतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही सूप बाजूला सारलं होतंत. तुम्ही सूप टाकता तेव्हा आमच्यात कुणी बोलतं का?"

अडतीस वर्षांत मला कुणा विद्यार्थ्यानं असं एका वाक्यात नापास केलं नव्हतं.

काचेपलीकडे तीन चेहरे होते. लोआयसा खुणेनं सांगत होता की क्लिपांपासून सुरुवात करा. बासिलियाबाई रिवेटकडे बोट दाखवत होती. किस्बेर्त स्क्रूंकडे. प्रत्येकाला दुसऱ्याचं आधी तुटायला हवं होतं, आणि कुणाचंही एक तोडलं तर जन्माचा कोंपाद्रे तुटणार होता, हे मला, त्यांना आणि पायरीवरच्या दोन्ही लग्नांना कळत होतं. मी काचेला तोंड लावून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "आजपासून माझ्या दाराला कुणी मानकरी नाही. तिघांपैकी एकही नाही."

असं आमच्याकडे बोलत नाहीत. कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. पायऱ्यांवरचा गलका थांबला. बासिलियाबाईनं टोपी काढली.

मग मी दोन्ही हातांनी पॅनेल धरलं, पाय समोरच्या सीटला लावले आणि ओढलं. एक स्क्रू सुटला नाही. एक रिवेट सुटली नाही. एक क्लिप जागची हलली नाही. फाटला तो पुठ्ठा, मधोमध, उभा, आणि अर्धा माझ्या मांडीवर आला. त्या भगदाडातून हात घातला, सळई चाचपली, बोट कापलं, सळई स्क्रूच्या टोकावरून उचलली, आणि दार असं उघडलं की त्यावर टेकलेला किस्बेर्त रस्त्यावर आडवा झाला.

अकराला दोन मिनिटं होती. चार बायकांनी नोएमीला बाहेर काढलं, तिनं माझ्या बोटाला पुष्पगुच्छाची फीत गुंडाळली आणि माझा हात धरला. आम्ही आत गेलो. वेदीपर्यंतचं अंतर फार नाही, पन्नास पावलं असेल. मध्ये ती म्हणाली, "आणलंत ना शेवटी." माझ्या सुटाच्या पाठीला पुठ्ठ्याचे तुकडे चिकटलेत, एवढंच मला माहीत होतं.

लग्न लागलं. बाहेर आल्यावर नवरा-नवरी पांढऱ्या जीपमध्ये बसली. दारं बटणावर उघडली, बटणावर मिटली. नोएमीनं हात हलवला. माझी काही तक्रार नव्हती. बापाच्या घरापासून चर्चपर्यंत, एवढंच मी बोललो होतो. सुल्मा व्याह्यांबरोबर गेली, म्हणाली तुमच्या गाडीत आज मला वेग सांगायची हिंमत नाही.

मी एकटाच गाडीकडे आलो. गाडीपाशी तिघं उभी होती. त्यांची टॅक्सी निघून गेली होती आणि जेवणाचा हॉल तीन किलोमीटर खाली होता. ज्यांना मी अख्ख्या गावासमोर नाकारलं होतं त्यांनाच आता मी जेवायला घेऊन जायचं होतं. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. बाई पुढं बसली. लोआयसा आणि किस्बेर्त मागं, त्या फाटक्या दाराशेजारी. अर्धा उतार कुणी शब्द काढला नाही. एवढी शांतता त्या गाडीत जपानमध्येही नसेल. मी मनातल्या मनात माफीचं भाषण जुळवत होतो. सुरुवात जमत होती, शेवट जमत नव्हता.

पुलापाशी लोआयसानं वाकून दाराकडे पाहिलं. "स्क्रू चारही जागेवर आहेत," तो म्हणाला.

थोड्या वेळानं किस्बेर्त म्हणाला, "रिवेट सातच्या सात."

बाईनं मागं वळून मोजलं. "अकरा," ती म्हणाली.

तिघांच्याही चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी निवळत गेलं, ते मला आरशात दिसत होतं. शेवटी बाईच म्हणाली की फाटला तो पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याला मानकरी नव्हताच. पुठ्ठा मास्तरांचा होता. दोघांनी मान हलवली. चौदा वर्षांत त्या गाडीत बसलेल्या माणसांचं कशावरही एवढं एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. आणि माझ्यावरचा राग, बोललेला अपशब्द, सगळं त्या एका पुठ्ठ्याच्या खात्यावर टाकून ती तिघं मोकळी झाली. मीही झालो. हॉल दिसू लागला होता. मी गप्प राहून गाडी लावली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं.

तेवढ्यात लोआयसा घसा खाकरून म्हणाला की त्याच्याकडे सीडरची एक फळी पडून आहे, गिऱ्हाईक अचानक बरं झाल्यामुळे उरलेली.

मी तोंड घट्ट मिटलं. अगदी चौकापर्यंत मिटलेलं ठेवलं. मग मला माझाच आवाज ऐकू आला, "कोंपाद्रे, जाडी किती आहे तिची?"

मागच्या सीटवर दोघंही एकदम पुढं सरकून बसले, आणि बासिलियाबाईनं पिशवीतून मोजायची टेप काढली.